न झालेल्या गोलांचे सर

ज्या माणसानं वीस वर्षांत आपल्या संघानं मारलेला एकही गोल पाहिला नाही, त्याला फुटबॉल क्लबात ठेवावं की काढावं, यावर सभ्य माणसांत वाद होऊ शकतो. मी सभ्य नाही. मी भांडणार आहे. त्यांना काढलं हे एक, ज्या रीतीनं काढलं हे दुसरं आणि ज्याच्यामुळं काढलं तो तिसरा. या तिन्हींच्या नावानं माझ्या डोक्यात अजून कुकर चढलेला आहे आणि शिट्ट्या काही थांबत नाहीत.

आम्ही सगळे त्यांना गोलसर म्हणायचो. आमच्या क्लबच्या गोलकीपरांचे ते कोच, म्हणून गोलसर. अंगानं मात्र दोरीवर वाळत घातलेल्या पंच्यासारखे. खडकीत वाढलेले. तिकडं पोरं चालायला लागायच्या आधी बॉलला लाथ मारतात. सरकारी कचेरीच्या संघात ते गोलकीपर होते आणि कचेरीतही कारकून म्हणून त्यांनी तेच काम केलं, म्हणजे येईल ती फाईल अडवली, असं त्यांचेच जुने सहकारी सांगतात. मुदतीआधी निवृत्ती घेऊन ते आमच्या क्लबात आले. राहायला कर्वेनगरला. मी क्लबचा सहायक कोच. मूळचा शनिवार पेठेतला, आणि आमच्या पेठेत फुटबॉल हा शब्द खिडकीची काच फुटल्याशिवाय कोणी उच्चारत नसे. पहिल्या भेटीत गोलसरांनी मला विचारलं, "आपण कुठले?"

"शनिवार पेठ."

"असं का. मग बॉल कुठं पाहिलात?"

ही आमची मैत्रीची सुरुवात. यापेक्षा गोड बोलणं नंतर त्यांच्या तोंडून कधी निघालं नाही.

ते सगळ्यांना अहो-जाहो करत. अठरा वर्षांच्या कीपरलाही 'आपण'. बाकीचे कोच आई-बहीण काढायचे, त्याचं पोरांना काही वाटायचं नाही; पण एखादा सोपा बॉल पायातून गेला आणि गोलसर शांतपणे चालत येऊन म्हणाले, "आपण वाचत होतात का काही? व्यत्यय आला असेल तर माफ करा," की सहा फुटी कीपर ढसाढसा रडायचा. एकाची तर आई क्लबात तक्रार घेऊन आली होती की सरांनी याला एकदा चांगलं 'अरे गाढवा' म्हणावं, पोरगा जेवत नाही.

सामन्याच्या वेळी आमच्या बाकाशेजारी त्यांची स्वतःची लोखंडी खुर्ची असायची. ती ते आमच्या गोलकडं तोंड करून ठेवायचे. मध्यंतरानंतर बाजू बदलल्या की खुर्ची उचलून उलटी फिरवायची. मैदानाच्या दुसऱ्या अर्ध्यात काय चाललंय, कोण मारतंय, कोण पडतंय, याच्याशी त्यांना काडीचं देणंघेणं नव्हतं. "तो आपला विभाग नाही," म्हणायचे. आम्ही गोल मारला की सगळा बाक हवेत उडायचा, राखीव खेळाडू एकमेकांच्या अंगावर पडायचे, मी एकदा आनंदानं पाण्याचं पिंप मिठीत घेतलं होतं, आणि गोलसर मात्र आमच्या कीपरला ओरडून विचारत असायचे, "आपण का नाचताय? आपलं काम संपलं का?"

एकदा आम्ही शेवटच्या मिनिटाला गोल मारून जिंकलो. परतीच्या बसमध्ये गाणी, ढोल, दंगा. गोलसरांनी माझ्या कानाशी येऊन विचारलं, "किती झाले?"

"एक-शून्य, सर!"

"शून्य ना? छान." आणि डोळे मिटून घेतले.

सरावाला ते सगळ्यांच्या आधी येत. बूट-मोजे काढून गोलच्या तोंडाशी अनवाणी चालत. इंच न् इंच. कुठं माती सैल आहे, कुठं दव राहिलंय, कुठं बॉल टप्पा पडून सरपटेल आणि कुठं उसळेल, हे तळपायाला विचारायचं. आणि नारळ! ते मंडईतून असोले नारळ आणत, शेंडीसकट, आणि पंधरा पावलांवरून कीपरला फेकत. हातमोजे नाहीत. हजार नारळ झेलल्याशिवाय बॉल नाही. हजार म्हणजे मी जरा कमीच सांगतोय. एका हेडकोचनं घाबरून विचारलं, हे कशासाठी? तर म्हणाले, "बॉल सुटला तर माणसाला वाटतं, गेली अब्रू, परत येईल. नारळ सुटला तर कळतं." त्यांच्या हाताखालून गेलेले कीपर आजही कुठं दिसले तर हात मिळवू नका. मी मिळवला होता. आठवडाभर डाव्या हातानं जेवलो.

आता या धंद्यातली रीत सांगतो, म्हणजे माझा कुकर का चढलाय ते कळेल. फुटबॉलमध्ये हेडकोच एकटा येत नाही. नवरदेवासारखा वऱ्हाड घेऊन येतो. त्याचा सहायक, त्याचा कीपरांचा कोच, त्याचा व्यायामवाला, त्याचा व्हिडिओवाला. आणि हे वऱ्हाड उतरलं की आधीच्या नवरदेवाच्या वऱ्हाडाला मांडवातून बाहेर काढतात. कामात खोट होती का? कोणी विचारत नाही. सामने कोणी हरवले? कोणी विचारत नाही. साहेब गेला, तुम्ही जा. अरे, हा काय न्याय झाला? मंत्री बदलला की प्राथमिक शाळेतला मास्तर बदलतात का? बरं, बदलतात, पण निदान त्याला दुसरी शाळा तरी देतात! ही रीत कोणी घातली, कुठल्या गोऱ्यानं घातली आणि आपण ती का पाळतोय, असा प्रश्न मी क्लबच्या प्रत्येक बैठकीत विचारला आहे. म्हणजे बैठक संपल्यावर, जिन्यात.

मी स्वतः कसा टिकलो, ते विचारू नका. बरं, विचारा. मी हार घेऊन विमानतळावर जायचो. गोव्याचा हेडकोच आला, मी कोकणी शिकलो. स्पेनचा आला, मी चार दिवसांत स्पॅनिश शिकलो, म्हणजे 'नमस्कार' आणि 'तुमचं बरोबर आहे' एवढं, पण त्या दोन वाक्यांवर माणूस कुठल्याही देशात म्हातारा होऊ शकतो. कोलकात्याचा आला, मी माशातले काटे काढायला शिकलो. दर वेळी नवी यादी लागली की गोलसर मला गाठून विचारायचे, "काय सहायक, टिकलात?"

"टिकलो, सर. तुम्ही?"

"मला कोणी अजून सांगितलं नाही. म्हणजे आहे."

त्यांचं टिकणं वेगळ्या जातीचं होतं. ते काहीच करत नसत. त्या स्पॅनिश माणसानं आल्या आल्या त्यांना विचारलं की तुमचं तत्त्वज्ञान काय? दुभाषा मी. गोलसरांनी दोन्ही तळहात वर केले आणि म्हणाले, "हात." मी इंग्रजीत भाषांतर केलं: सर म्हणतात की माणसाचं मन हातात असतं, हात मोकळा तर मन मोकळं, आणि गोल ही बाहेरची नव्हे, आतली गोष्ट आहे. तो गोरा इतका हलला की त्यानं स्वतःचा माणूस परत पाठवला आणि गोलसरांना मिठी मारली. गोलसरांनी मिठीतूनच मला विचारलं, "काय सांगितलंत हो तुम्ही?"

"तुम्ही म्हणालात तेच."

"मी एक शब्द बोललो. तुम्ही पाऊण तास बोललात."

ते मला त्या दिवशी म्हणाले होते की सहायक, माझ्या नावावर बोलू नका. मी हसण्यावारी नेलं. माझी बोलण्याची सवय अशी की मला जरा मोकळं मैदान दिसलं की मी बॉल घेऊन सुटतो आणि गोलच्या बाहेर, स्टेडियमच्या बाहेर, थेट स्वारगेटला पोचतो.

मग आला चौथा. मुंबईचा. मुंबईचा हेडकोच पुण्यात, म्हणजे क्लबात तीन दिवस सुतक. हा पोर्तुगालमध्ये कसलासा कोर्स करून आला होता आणि दर तिसऱ्या वाक्याला पोर्तुगाल यायचा. त्याच्याबरोबर क्लबचे अध्यक्षही बिघडले. अध्यक्ष बांधकामवाले, कर्वेनगरपासून पुढं जेवढ्या सोसायट्यांच्या नावात 'ग्रीन' आहे आणि आवारात झाड नाही, त्या त्यांच्या. दोघांनी मिळून ठरवलं की जुन्या स्टाफमधलं कोण ठेवायचं आणि कोण काढायचं, हे 'शास्त्रीय' पद्धतीनं बघायचं. प्रत्येकानं स्वतःच्या कामाचा फॉर्म भरायचा. फॉर्म गोळा करायचं काम माझ्याकडं.

माझा फॉर्म चौदा पानांचा झाला. रंगीत आलेख होते. एका आलेखात माझी रेघ कागदाच्या बाहेर गेली, म्हणून मी खाली आणखी एक कागद चिकटवला. गोलसरांचा फॉर्म तीन ओळींचा होता:

आपले काम: गोल होऊ न देणे.

पुरावा: न झालेले गोल.

सुधारणेस वाव: बचावफळीस विचारावे.

मी तो वाचला. हा माणूस मरणार! या फॉर्मवर देवालासुद्धा नोकरीवर ठेवणार नाहीत! मी धावत मैदानावर गेलो. ते गोलच्या तोंडाशी अनवाणी चालत होते.

"सर, जरा दोन पानं लिहा ना. किती कीपर घडवले, कुठं कुठं खेळले..."

"ते त्यांनी त्यांच्या फॉर्मात लिहावं."

"अहो सर, नवीन माणूस आहे, त्याला कसं कळणार तुम्ही काय आहात?"

"येऊन बघेल. पाय असतील ना त्याला?"

आता माझं चुकलं काय ते ऐका. मी त्यांचा तीन ओळींचा फॉर्म खणात ठेवला आणि क्लबच्या कॉम्प्युटरवर त्यांच्या नावानं दुसरा भरला. प्रेमानं भरला, शपथेवर सांगतो. पहिलं पान खरंच होतं. दुसऱ्या पानावर मी सुटलो. नारळाच्या सरावाला मी 'पकड-विज्ञान' म्हटलं. अनवाणी चालण्याला 'भूपृष्ठ-विश्लेषण' म्हटलं. आणि चौथ्या पानावर, नवीन हेडकोचचं मन जिंकायचं म्हणून, गोलसरांना सहा महिने पोर्तुगालला पाठवलं.

मुलाखती अध्यक्षांच्या ऑफिसात झाल्या. टेबलावर त्यांच्या नव्या सोसायटीची छोटी प्रतिकृती होती, काड्यापेटीएवढ्या इमारती आणि हिरवी प्लॅस्टिकची झाडं. एका बाजूला अध्यक्ष, शेजारी हेडकोच, कोपऱ्यात सहायक म्हणून मी. मला आधीच ठेवलेलं होतं. गोलसर आले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन.

हेडकोच खूश होऊन उठला. "बसा सर, बसा! तुमचा फॉर्म वाचून मी वेडा झालो. सहा महिने पोर्तुगाल! आपण एकाच गल्लीतले निघालो की. कुठल्या गावात होता?"

गोलसरांनी त्याच्याकडं पाहिलंच नाही. माझ्याकडं पाहिलं.

"मी परदेशात गेलेलो नाही," ते म्हणाले. "पासपोर्टही काढलेला नाही."

"मग हे काय आहे?"

त्यांनी फॉर्म हातात घेतला, चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून चौथ्यापर्यंत वाचला. सगळा. मग चष्मा काढून म्हणाले, "यात शुद्धलेखनाच्या सात चुका आहेत. मी लिहिला असता तर नसत्या."

अध्यक्ष म्हणाले, "मग कोणी लिहिला?"

"मला ठाऊक आहे. पण ते ज्याचं त्यानं सांगावं."

आणि ते थांबले. घड्याळ लावून सांगत नाही, पण मला विचाराल तर ते पावणेदोन वर्षं थांबले. मी त्या प्रतिकृतीतली झाडं बघत होतो. एकूण एकतीस होती. एक वाकडं होतं. माझी जीभ, जी स्पॅनिश बोलते, कोकणी बोलते, न विचारता पाऊण तास बोलते, ती टाळ्याला चिकटून बसली होती. मी बोललो असतो तर माझी चौदा पानं उघडली असती ना! त्यात तर पोर्तुगाल सोडून सगळे देश होते.

गोलसरांनी फॉर्मचे कोपरे जुळवले, टेबलावर ठेवला, "बरं," म्हणाले आणि गेले.

दार लागताच अध्यक्ष गरजले, "बघा! खोटं लिहायचं आणि वर शुद्धलेखन काढायचं! काय हा तोरा!"

हेडकोच म्हणाला, "जाऊ दे साहेब. मी तसाही माझा माणूस आणणारच होतो. त्याला मी सांगून पण टाकलंय."

ऐकलंत? सांगून पण टाकलं होतं! म्हणजे तो फॉर्म, ती शास्त्रीय पद्धत, त्या मुलाखती, सगळा तमाशा. कोणी तीन ओळी लिहिल्या असत्या की तीनशे, गोलसर जाणारच होते. या एका वाक्यावर मी पुढं कितीतरी दिवस जगलो. कोणी काही म्हणालं की माझं उत्तर तयार: ते जाणारच होते! खरं आहे. पण क्लबच्या पत्रात कारण काय आलं? 'नवीन हेडकोचनं स्वतःचा माणूस आणला' असं? छे. कारण आलं: 'खोटी माहिती दिल्याबद्दल.' आयुष्यात ज्या माणसानं हुकलेल्या बॉलला कधी 'टप्पा वाईट पडला' असंही म्हटलं नाही, त्याच्या नावावर हे पत्र! ते क्लबच्या नोटीस बोर्डावर लावलं होतं. लावायला ड्रॉइंग पिना मीच दिल्या.

गोलसरांच्या जागी आला तो लोणी काळभोरचा तरुण. अठ्ठावीस-एकोणतीसचा, कॉलेजच्या संघातून पुढं आलेला, मुंबईच्या त्या हेडकोचच्या हाताखाली कुठंतरी काम केलेला. मी त्याचा दुस्वास करायचं पक्कं ठरवलं होतं. पण हा गडी पहिल्याच दिवशी सामानाच्या खोलीतून नारळ घेऊन बाहेर आला.

"सर, ह्ये काय हाय?"

"पूजेचे आहेत," मी म्हणालो.

"एवढे? आणि सगळ्यांची सालं एकाच बाजूनं घासल्यात. ह्ये कुणीतरी झेलल्यात, सर."

त्यानं एक नारळ हवेत उडवला, झेलला, हात झटकला आणि हसला. दुसऱ्या दिवसापासून कीपरांना नारळ सुरू. त्याला लॅपटॉपही येत होता आणि नारळही कळत होता. आता अशा माणसाचा दुस्वास कसा करायचा? चार-पाच वेळा त्यानं विचारलं, "आदीचे सर कुठं ऱ्हातात? भेटायचंय." मी दर वेळी वेगळी पेठ सांगितली.

आणि मी काय करत होतो? मी संताप करत होतो! सकाळी करत होतो, दुपारी करत होतो. 'हेडकोच बदलला की स्टाफ बदलायचा ही गुलामगिरी आहे' असं मी खेळाडूंना सांगितलं, माळ्याला सांगितलं, पाणीवाल्याला सांगितलं. गोलसरांवर अन्याय झाला म्हणून क्लबात माझ्याइतका कोणी ओरडला नाही. माझ्या या ओरडण्याला एकच खोट होती, ती वर सांगितली.

मुंबईकर आठ महिने टिकला. कीपर ठीक होते. पण पुढं गोल मारायला कोणी नव्हतं. दोन हात करून शून्य-शून्य आणि बचावफळी झोपली की शून्य-एक. अध्यक्षांनी त्याला नारळ दिला. आणि रीतीप्रमाणं हुकूम सुटला: त्याच्याबरोबर त्याची सगळी माणसं जातील. मला बोलावून म्हणाले, "त्या कर्वेनगरच्या म्हाताऱ्याला परत आणा. कीपरांना हातात घेऊ दे. लोक बोलतायत फार. सांगा, झालं गेलं ते आम्ही मोठ्या मनानं माफ केलं."

मी काय उडालो म्हणता! रिक्षा करायची शुद्ध राहिली नाही, मैदानापासून कर्वेनगरपर्यंत चालत गेलो. तीन जिने दोन ढांगांत चढलो. गोलसर बाहेरच्या खोलीत बुद्धाच्या तसबिरीखाली बसून मेथी निवडत होते. एक पान इकडं, एक काडी तिकडं.

"सर, परत चला! तुमची जागा परत मिळाली! त्यांनी माफ केलं!"

"कशाबद्दल?"

मी उगाच चपला काढायला वाकलो.

"बसा," ते म्हणाले. "त्या पोराचं काय?"

"कुठल्या?"

"लोणीच्या. मी सामने बघतो. मैदानाच्या भिंतीबाहेरून. चांगलं काम करतोय. त्यानं काम सोडलंय का?"

"सोडलं नाही. पण हेडकोच गेला, म्हणजे तो..."

"म्हणजे काय?"

"म्हणजे रीतच आहे ना, सर."

"मग जागा रिकामी कुठं आहे? भरलेल्या जागेवर मी काय मांडीवर बसू का त्याच्या?"

त्यानंतर मी जे ओरडलो ते छापण्यासारखं नाही. तुमची अक्कल, तुमचा हट्ट, तुमचा तोरा, वीस वर्षं तुम्ही एक गोल पाहिला नाही तसाच समोर आलेला हा मोकाही बघत नाही! गोलसरांनी मला संपू दिलं.

"आणखी ओरडायचं असेल तर दार लावून घ्या. जिन्यात घुमतं." मग मेथीची एक काडी मोडून म्हणाले, "हेडकोच बदलला की स्टाफ काढायचा, ही गुलामगिरी आहे, असं तुम्ही आठ महिने माळ्याला सांगत होतात. बरोबर?"

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"माळ्यानं. आणि आज तुम्ही स्वतः एकाला काढून त्याची जागा माझ्या घरी पोचवायला आलात. तेही चालत. अहो सहायक, मला काढलं तेव्हा ती गुलामगिरी आणि त्याला काढलं की रीत?"

मी त्यांच्या पुढ्यातली मेथी ओढून निवडायला लागलो. हे माझ्या आयुष्यात पहिल्यांदा झालं. बायकोला सांगितलं तर तिला खरं वाटलं नाही.

"त्या दिवशी तुम्ही झाडं मोजत होतात," गोलसर म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, उलट उतरला होता. "मला राग आला होता. माझी नोकरी गेली म्हणून नाही, ती जाणारच होती, तेवढं मलाही कळतं. माझं नाव गेलं. खडकीत माणसं विचारतात मला, काय हो, पोर्तुगाल कसं आहे." त्यांनी मेथीची आणखी एक काडी मोडली. "आज त्या पोरासाठी बोला. तेवढं झालं आणि जमलं, तर माझ्यासाठी जे राहिलंय तेही बोला. या आता."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अध्यक्षांच्या ऑफिसात उभा राहिलो. बसा म्हणाले, बसलो नाही. बसलो असतो तर राहिलंच असतं.

"ते येत नाहीत. आणि लोणीच्या मुलाला काढू नका. त्यानं काही चूक केलेली नाही. जो हरला तो हेडकोच. कीपरांच्या कोचनं काय गुन्हा केला? चौकशी तरी करा. कीपरांना विचारा. आणि नवीन हेडकोच आला की त्याला सांगा, या जागेवर माणूस आहे, तुमचा आणू नका."

अध्यक्ष माझ्याकडं असे बघत होते, जणू टेबलावरची सोसायटी बोलायला लागली. "तुम्हाला झालंय काय? बरं, ठेवू त्या पोराला, नाहीतरी नवा माणूस शोधायचा ताप. पण तो म्हातारा! आम्ही माफ करतोय आणि तो नाही म्हणतो? एवढी खोटी माहिती देऊन?"

"त्यांनी दिली नाही. तो फॉर्म मी भरला होता."

"काय?"

"पोर्तुगाल माझं. सात चुकाही माझ्या. त्यांचा खरा फॉर्म तीन ओळींचा होता. हा घ्या." खणातला कागद मी त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी वाचला, दोनदा वाचला.

"आणि तुम्हाला आम्ही ठेवलं," ते सावकाश म्हणाले, "ते ज्या चौदा पानांवर, ती?"

"तीही तशीच. माझ्याच हातची."

त्यांनी मला दुपारी काढल्याचं पत्र दिलं. नोटीस बोर्डावर लावलं तेव्हा या वेळी पिना दुसऱ्या कोणीतरी दिल्या. तिथलं गोलसरांचं जुनं पत्र मी स्वतः काढलं आणि क्लबचा शिक्का मारलेलं दोन ओळींचं नवं पत्र, की 'आधीची माहिती त्यांनी दिलेली नव्हती', ते मिळेपर्यंत अध्यक्षांच्या जिन्यात ठाण मांडून बसलो. चार दिवस बसलो. हे वाढवून सांगत नाही, रखवालदाराला विचारा. लोणीचा पोरगा राहिला. त्याला कर्वेनगरचा खरा पत्ताही दिला.

पत्र घेऊन मी गोलसरांकडं गेलो. त्यांनी चष्मा लावून दोन्ही ओळी वाचल्या, शिक्का उजेडात धरून बघितला आणि कागदाची नीट घडी घातली.

"आधी कोणतं बोललात?"

"पोराचं."

"आणि दुसरं? बोलायला वेळ लागला?"

"आठ महिने," मी म्हणालो.